आंधळा खंड्या

गादीच्या आत काच निघेल असं कुणाच्या डोक्यात येईल? गिरगावातलं घर रिकामं करायला दोन हमाल आणले होते. माळ्यावरच्या गाद्या त्यांनी धपाधप खाली टाकायला सुरुवात केली. दोन झाल्या. तिसरीला हात घातला तशी खुर्चीत बसलेली आत्या ओरडली, "अरे, ती नको टाकू! तिच्यात तावदानं आहेत!"

पहिल्या दोन गाद्यांत नुसता कापूस होता, हे आमचं नशीब. तिसरी मधोमध दुमडून सुतळीने करकचून बांधलेली. आत जुनी धोतरं, आणि धोतरांच्या आत तीन रंगीत काचा, सागवानी चौकटींसकट. १९८६ साली दिवाणखाना आणि गॅलरी यांच्यामधली लाकडी पडदी काढून आम्ही ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवल्या, तेव्हा काकांनी या तिघी उचलून माळ्यावर आडव्या निजवल्या. मग काका गेले, बाबा गेले, आणि आम्ही विसरलो. आत्या तेवढी विसरली नव्हती.

दादाने धोतर बाजूला केलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "किती येतील गं याचे?" त्याला नावं ठेवत नाही, माझ्याही मनात तेच होतं. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलेली, घरातल्या प्रत्येक भांड्याची वाटणी चाललेली. त्यात मधल्या काचेवर गोलात बसलेला एक पक्षी, दोन्ही बाजूंच्या काचांना लाल-निळ्या चौकोनांची किनार आणि कोपऱ्याकोपऱ्यावर पांढरी चांदणी. दिसायलाच महाग.

शिवाय घरात एक कथा होती. पणजोबांनी या काचा बेल्जियमहून बोटीने मागवल्या. ही कथा मी इतक्यांदा ऐकली होती, की बोटीवरून पेटी उतरवताना पणजोबा धक्क्यावर उभे आहेत असं चित्रच डोळ्यांसमोर यायचं. आता वाटतं, आपल्याकडे कुठल्याही बऱ्या काचेला बेल्जियमच का लागतं? आरसा बेल्जियमचा, झुंबर बेल्जियमचं, हंड्या बेल्जियमच्या. खरी बेल्जियन काच मुंबईत भरपूर येत होती यात शंका नाही. पण आपल्या घरांत "बेल्जियम" हे देशाचं नाव उरलं नाही, ते "चांगलं" या अर्थाचं विशेषण झालं. त्याच घरातला ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील मात्र आम्ही बिनदिक्कत भंगारवाल्याला दिला होता. तळेगावला १९०८ साली लोकांच्या एकेका पैशावर पैसाफंडाचा काच कारखाना उभा राहिला, १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगल्यांनी काच कारखाना काढला. पण त्या काचेला घराण्याची कथा चिकटत नाही. ती पडली रोजच्या वापरातली.

असो. काचा मी ठाण्याला आणल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जे करू नये ते केलं.

चाळीस वर्षांची धूळ. मधल्या काचेवरचा पक्षी तपकिरी ढगात बसल्यासारखा दिसत होता. आपल्या घरी काच पुसायची पद्धत ठरलेली आहे, फवाऱ्याची बाटली आणि कालचा पेपर. फवारा मारला, पेपराचा बोळा फिरवला. चोच लखलखीत झाली. पंखाखालचं पिवळं झळाळलं. उत्साहाने डोक्यावरून बोळा फिरवला आणि हात थांबला. डोळा नव्हता. पेपराच्या बोळ्यावर काळसर डाग होता, वाटाण्याएवढा. तो डोळा.

पहिल्यांदा वाटलं धूळच असेल. मग बाबांच्या लग्नाच्या अल्बममध्ये त्या पडदीसमोर काढलेला फोटो शोधला. पक्ष्याला डोळा होता. गोल, टपोरा, जरा रागीटच. शंभराहून अधिक वर्षं टिकलेला डोळा मी अर्ध्या मिनिटात पुसला होता.

काचेचं जतन करणाऱ्या एका बाईंचं नाव मैत्रिणीकडून मिळालं. फोनवर त्यांना एवढंच म्हणाले, "डोळा गेलाय." त्या शांतपणे म्हणाल्या, "आता हात लावू नका. आणि आडव्या ठेवल्या असतील तर आधी उभ्या करा."

त्यांच्या कामाच्या खोलीत पुढे चार वेळा गेले. खिडकीपाशी दुधी काचेचं टेबल, खाली दिवे. पण त्यांनी दिवे लावलेच नाहीत. काच टेबलावर निजवून त्या आधी बाजूने, तिरक्या उजेडात बघत राहिल्या. मला वाटायचं रंगीत काच उजेडापुढे धरून बघायची असते. ते सौंदर्य बघायचं झालं. वय बघायचं तर काचेवर पडणारा उजेड हवा, आरपार जाणारा नव्हे. तिरक्या उजेडात आमची साधी, बिनरंगी वाटणारी तावदानं पाण्यासारखी हलत होती. आजच्या खिडकीची काच अशी हलत नाही. वितळलेल्या कथलावर तरंगत ठेवून सपाट काच काढायची रीत पिल्किंग्टन कंपनीने १९५९ साली जाहीर केली, आणि जगभरच्या खिडक्या तेव्हापासून गुळगुळीत झाल्या. त्याच्या आधीच्या बहुतेक काचेत काही ना काही लाट सापडते. फुंकून केलेली असेल तर लांबट बुडबुडे, ओढून केलेली असेल तर एकाच दिशेने बारीक रेघा.

दादा सोबत होता. तो इंजिनियर. त्याने लगेच सांगितलं, "जुनी काच खाली जाड होते ना? हळूहळू वाहते म्हणून." बाई हसल्या. काच वाहत नाही. पूर्वी काचेची तबकडी गरागरा फिरवून पसरत, ती मधे जाड नि कडेला पातळ व्हायची. कापल्यावर तुकडा एका अंगाला जाडच राहायचा आणि कारागीर बहुधा ते अंग खाली बसवायचा. काहींनी वरही बसवलंय. दादा गप्प झाला, पण त्याचा चेहरा सांगत होता की घरी जाऊन तो हे तपासणार.

मग त्यांनी मला नख लावायला सांगितलं. खरं शिक्षण तिथे झालं.

पक्ष्याच्या पंखांवरच्या काळ्या रेघा नखाला लागत होत्या, अगदी बारीक, वाळलेल्या शाईसारख्या. तो भट्टीत भाजून पक्का केलेला रंग: लोखंडाचं किंवा तांब्याचं भस्म, त्यात दळलेली काच. छातीवरच्या पिवळ्याला मात्र नख कुठेच अडत नव्हतं. काच उलटी केली. तिथेही नाही. "पिवळा वर नाहीये, आत आहे," बाई म्हणाल्या. चांदीच्या क्षाराचा लेप काचेच्या मागच्या अंगाला देऊन ती भाजली की चांदी काचेत शिरते आणि लिंबापासून नारिंगीपर्यंत पिवळा उतरतो. युरोपात चौदाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ही विद्या आहे, आणि ‘स्टेन्ड ग्लास’मधला डाग तो हाच म्हणतात. बाकीचे रंग डाग नसतात, ते काचेच्या मुशीतच पडलेले असतात. कोबाल्टने निळा, तांब्याने हिरवा नाहीतर लाल, मँगनीजने जांभळा.

म्हणजे आमच्या पक्ष्याला मुळात दोनच रंग होते, तपकिरी-काळा आणि पिवळा. लहानपणी आजी त्याला राघू म्हणायची, आम्ही चिमणी. दादाच्या मुलाने, त्याला पक्ष्यांचं वेड, चोच बघून निकाल दिला होता: खंड्या. बाईंनीही मान डोलावली. १८८०च्या आसपास इंग्लंडमधल्या मध्यमवर्गीय घरांत असे गोलातले पक्षी आणि फुलं यांची चलती होती. खंड्या, चिमण्या, असं काहीतरी. मोठ्या चित्रकाराने एकेक काढलेले नसत, कारखान्यातून नमुन्यांवरून निघत.

आणि डोळा? तो नीट भाजला गेला नव्हता. १८६० आणि ७०च्या दशकांत इंग्लंडमधल्या कित्येक कारखान्यांनी रंगात टाकणखार घातला. त्याने रंग कमी आचेवर बसतो, पण दमट हवेत तो धरत नाही. चर्चच्या खिडक्यांतल्या संतांचे चेहरे त्या पायी पुसट झालेत. "तुमच्या खंड्याचं नेमकं तेच झालं की नुसती भट्टी थंड होती, हे मी छातीठोक सांगणार नाही," बाई म्हणाल्या. "पण रंग सुटलेला असेल तर पाण्याचा कापूससुद्धा आधी कोपऱ्यावर लावून बघतात." पेपराच्या बोळ्याबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. ते जास्त लागलं.

दरम्यान मी दुसरीकडेही चौकशी करत होते. चोरबाजारात, मटन स्ट्रीटवर, फोनमधले फोटो घेऊन फिरले. एका दुकानदाराने फोटो न वाढवताच सांगितलं, "तिन्हीचे बारा हजार. अँटिक ग्लास आहे म्हणून देतो." मी हुरळून घरी आले. बारा हजारांनी नव्हे, ‘अँटिक’ने. बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, अहो, अँटिक ग्लास हे वयाचं नाव नाही, जातीचं नाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चार्ल्स विन्स्टन नावाच्या एका वकिलाने मध्ययुगीन काचेचे तुकडे तपासून घेतले आणि लंडनच्या पॉवेल कंपनीकडून तशीच, फुंकून केलेली, ओबडधोबड काच बनवून घेतली. अशा काचेला धंद्यात तेव्हापासून अँटिक म्हणतात. कालच्या मंगळवारी भट्टीतून निघालेली काचही अँटिक असू शकते. दुकानदार खोटं बोलला नव्हता. मी चुकीचं ऐकलं होतं.

ऑनलाइन बघितलं तर आमच्यासारख्याच एका काचेला लाखभर रुपये लावलेले. ती तिथे किती दिवसांपासून पडून आहे हे बघायचं सुचलं नाही. मागितलेली किंमत आणि आलेली किंमत यांत स्थळ सांगून येणं आणि लग्न होणं एवढा फरक असतो. लिलावात प्रत्यक्ष कितीला गेली ते बघायचं, बाकी सगळं चहाबरोबर वाचायचं. विलायतेत तर अशा घरगुती काचांचा सुकाळ आहे. तिथल्या लोकांनी जुन्या दारं-खिडक्या काढून दुहेरी काचेच्या प्लॅस्टिकच्या बसवल्या, आणि रस्तोरस्ती निघालेल्या रंगीत काचा जुन्या सामानाच्या वखारींत जाऊन पडल्या. आम्ही १९८६ साली जे केलं तेच. फक्त त्यांनी गादीत गुंडाळल्या नाहीत.

तिसऱ्या भेटीत बाजूच्या काचा टेबलावर आल्या. एकीचा लाल कोपरा आधीपासूनच तुटका होता, आणि तो तुटका आहे म्हणून मला काहीतरी दिसलं. भिंगातून कडेकडे बघितलं तर काच लाल नव्हतीच. बिनरंगी, पाण्यासारखी, आणि तिच्या पाठीवर कागदाएवढा लाल पापुद्रा. बर्फीवर वर्ख असावा तसा. तांब्याची लाल काच इतकी गडद असते, की सबंध जाडीभर तिचीच केली तर खिडकी काळी दिसेल. म्हणून फुंकणारा आधी लाल काचेचा थेंब आणि मग साधी काच घेऊन, दोन्ही मिळून एक फुगा काढतो. मग कारागीर चाकावर घासून पापुद्रा काढतो, खालची पांढरी काच उघडी पडते आणि चांदणी होते. आम्लानेही काढतात, पण त्याची पायरी सपाट लागते. आमच्या चांदणीत नख उतरत होतं, खोबणीसारखं. चाकावर कापलेली. लाल चौकोनात पांढरी चांदणी म्हणजे व्हिक्टोरियन घराच्या दाराची अगदी ठरलेली खूण, हजारो दारांना आहे. हे ऐकून दादा थोडा खट्टू झाला. आपलं दुर्मीळ असावं असं प्रत्येकालाच वाटतं.

काचेचे तुकडे जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्यांवर पांढरी भुकटी धरली होती. मी बोट लावणार तोच बाईंनी हात धरला. शिशाचा तो गंज विषारी असतो, विशेषतः घरात लहान मुलं असतील तर. हातमोजे, आणि नंतर साबणाने हात. तिन्ही काचांची पोटं सुटली होती. चाळीस वर्षं आडव्या ठेवल्यामुळे शिसं वाकलं, आणि पट्टीत काच घट्ट धरणारी जवसाच्या तेलाची लांबी, म्हणजे पुटी, वाळून भुगा झाली. नेतानाही अशी काच ताटासारखी धरायची नसते, पाटीसारखी उभी धरायची. आम्ही तिला गिरगावातून ठाण्याला टॅक्सीच्या मागच्या सीटवर निजवून आणली होती, वर माझी पर्स.

एक सांधा उघडणं भागच होतं. बाईंनी डाख वितळवला, शिशाची पट्टी चाकूने उघडली आणि एक बिनरंगी तुकडा चिमटीत धरून माझ्या हातात दिला. मी तो पांढऱ्या कागदावर ठेवला. मधला भाग किंचित जांभळट होता, जांभूळ खाऊन पाणी प्यायल्यावर पेल्याला राहतो तसा. आणि कडेने, शिशाखाली झाकलेली बोटाच्या नखाएवढी पट्टी, स्वच्छ पांढरी. जुन्या काळी काचेचा हिरवटपणा मारायला तिच्यात मँगनीज घालत. वर्षानुवर्षं उन्हात राहिलं की ते मँगनीज जांभळं पडतं. अमेरिकेत बॉस्टनच्या बीकन हिलवरच्या काही खिडक्या त्यासाठी प्रसिद्ध आहेत. आमच्या गॅलरीत ऊन यायचं दुपारी तीननंतर, पश्चिमेचं. ते सगळं ऊन त्या तुकड्यात साठलं होतं, आणि शिशाने झाकलेल्या भागाला त्याचा पत्ताच नव्हता.

मग बाईंनी मोजपट्टी घेतली. खंड्याच्या काचेला डावीकडे निळी किनार तीन बोटं रुंद. वर तीन बोटं. खाली तीन बोटं. उजवीकडे किनारच नाही, एकदम चौकट. एक पानही अर्ध्यातून कापलेलं.

"ही तुमच्या पडदीसाठी केलेली नाही," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कुठल्या तरी खिडकीची आहे. बसेना म्हणून कापली."

दादा आणि मी एकमेकांकडे बघितलं. बोट, धक्का, बेल्जियम, सगळं त्या उजव्या बाजूने कापलं गेलं. प्लेगनंतर १८९८ साली मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, त्याने रस्ते काढायला जुनी घरं पाडली. अशा घरांची दारं-खिडक्या, लाकूड, लाद्या विकत मिळत. आमचं घर त्यानंतरचं. पणजोबा रेल्वेत कारकून होते. कारकुनाने बेल्जियमहून बोटीने काच मागवली यापेक्षा, जुन्या सामानातून स्वस्तात उचलून सुताराकडून कापून घेतली, हेच खरं असणार. मला ते पणजोबा जास्त आवडले. दादाला नाही आवडले.

याच सुमारास न्यू जर्सीहून आत्याच्या लेकीचा व्हिडिओ कॉल आला. तिला खंड्या हवा होता. शिवाय तिने तिकडचा एक लॅम्प दाखवला, सासऱ्यांनी कधीतरी कुणाच्या तरी गॅरेजमधून घेतलेला. व्याधपतंगांची रंगीत छत्री, आणि बुडाला ठसा: टिफनी स्टुडिओज, न्यू यॉर्क, म्हणजे रंगीत काचेतलं मोठं नाव. तिचा आवाज कापत होता. तिने नुकतीच बातमी वाचली होती: २०२४च्या नोव्हेंबरमध्ये सदबीजच्या लिलावात टिफनीची एक खिडकी, १९१३ साली ओहायोतल्या एका चर्चसाठी केलेली, सव्वा कोटी डॉलरच्या घरात गेली. मी तिला तेव्हा शिकलेलं सगळं सांगितलं. टिफनीचं वेगळेपण दुधी, ढगाळ काचेत आणि शिशाऐवजी तांब्याच्या पातळ पट्टीने तुकडे जोडण्यात. त्या दिव्यांचे कितीतरी नमुने क्लारा ड्रिस्कॉल या बाईने आणि तिच्या हाताखालच्या मुलींनी केले, हे तिची पत्रं सापडल्यावर जगाला कळलं. पण ती तऱ्हा नंतर जगभर नक्कल झाली, आणि ठसा काय, कुणीही मारतो. अस्सल बैठक बहुधा ब्राँझची, जड. मी तिला म्हटलं, बुडाला न दिसेल अशा जागी खिळ्याने बारीक चरा मार. दोन मिनिटं शांतता. मग ती म्हणाली, "आतून रुपेरी आहे गं." जस्ताची. तिने फोन ठेवला नाही, पण लॅम्पचा विषयही पुन्हा काढला नाही.

खंड्याचा काढला. "मी डिसेंबरात येते, बॅगेत कपड्यांत घालून नेईन." इथे कायदा आडवा आला. १९७२चा पुरावस्तू कायदा म्हणतो की शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. आणि पुरावस्तूच्या व्याख्येत इमारतीपासून सुटी केलेली वस्तूही स्पष्ट लिहिलेली आहे. मूर्ती, नाणी, चित्रं यांच्याबद्दल हे ऐकून होते. आजीच्या पडदीची काच त्यात बसेल असं वाटलं नव्हतं. आत्येबहिणीला ते अन्यायाचं वाटलं. मूळची विलायती काच, विलायतेच्या दिशेने परत जायला मनाई! तिचं म्हणणं मला विनोदी वाटलं, आणि थोडं पटलंही.

वाटणीसाठी लेखी किंमत हवी होती, म्हणून एक जाणकार मूल्यांकन करायला आले. त्यांचा पहिलाच प्रश्न: "किंमत कशासाठी? विकायला की विम्याला?" विम्याची किंमत म्हणजे तसंच पुन्हा करून घ्यायला किती लागतील, ती नेहमी फुगीर. विकायची किंमत म्हणजे देणारा किती देईल, ती नेहमी रोडकी. तिन्ही मिळून विम्याला दीड लाख, विकायला ४५,०००. आणि बाईंनी एकट्या खंड्याच्या दुरुस्तीचा अंदाज दिला होता ४०,०००. दादाने कॅल्क्युलेटर काढला आणि परत खिशात ठेवला.

त्यांच्या कागदावर खाली एक रकाना होता, ‘उणिवा’. तो मी जपून ठेवलाय. कर्त्याची सही किंवा खूण नाही. उजवी किनार कापलेली. चित्राचा काही भाग (डोळा) अलीकडे नष्ट. शिसं वाकलेलं. आणि तिसऱ्या काचेपुढे: तीन तुकडे नंतरचे, हलक्या प्रतीच्या नक्षीच्या काचेचे, डाख बेढब.

ती तिसऱ्या काचेची नोंद मी आत्याला वाचून दाखवली. आत्या नव्वदीला आली आहे, ऐकू कमी येतं, पण जिथे तिला उत्तर द्यायचं असतं तिथे चांगलं येतं.

"हलक्या प्रतीचे म्हणजे काय? ते चव्वेचाळीसचे आहेत."

१४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन ही कापूस, दारूगोळा आणि सोन्याच्या विटा भरलेली बोट पेटली आणि दुपारी चारनंतर दोनदा फुटली. कित्येक मैलांवरच्या खिडक्या फुटल्या, सोन्याच्या विटा लोकांच्या घरांत येऊन पडल्या. अग्निशमन दलाचा सप्ताह आजही त्या दिवशी सुरू होतो. आत्या आठ वर्षांची होती. "आम्हाला वाटलं जपानी आले. आई मला ओढत मोरीत घेऊन गेली. बाहेर आलो तर पडदीखाली रांगोळी." लाल-निळ्या काचांची. आजोबांनी ओळखीचा एक काचवाला आणला, पण लढाईच्या दिवसांत विलायती रंगीत काच कुठून मिळणार? त्याच्याकडे फुलाफुलांची काच होती, न्हाणीघराच्या खिडकीला लावतात ती. त्याने हिरकणीने तीन तुकडे कापले, बसवले, वर भलामोठा डाख फासला. आणि सोन्याची वीट मात्र कुणाच्याच घरात पडली नाही, आमच्या गल्लीत. आत्याला त्याची खंत अजून आहे.

शेवटी वाटणी अशी झाली. चांदणीची धड काच दादाकडे. खंड्या माझ्याकडे, कारण त्याचा डोळा मीच घालवला होता आणि दुरुस्तीचा खर्च करायला दुसरं कुणी तयार नव्हतं. बाई म्हणाल्या, नवा डोळा काचेवर रंगवणार नाही. मागे वेगळी पातळ काच लावून तिच्यावर फोटोवरून काढता येईल, म्हणजे उद्या कुणाला नको झाला तर काढून टाकता येईल. मी अजून ठरवलेलं नाही. आत्येबहिणीला फोटो पाठवला. ती म्हणते, आंधळाच छान दिसतोय.

तिसरी काच आत्याने मागून घेतली. सुताराकडून चौकट नीट करून आम्ही ती तिच्या खोलीच्या खिडकीशी उभी केली, मागे आधार देऊन. ती खुर्ची ओढून तिच्यापाशी बसली. रंगीत चौकोनांकडे तिने बघितलंच नाही. फुलाफुलांच्या तुकड्याला डोळा लावला, एक मिटून.

"काय बघतेस?"

"यातनं गॅलरीतलं माणूस दिसायचं," ती म्हणाली. "एकाची वीस माणसं. सगळी तुकड्यातुकड्यांत. पण चालण्यावरनं कळायचं. बाबा आले की वीसच्या वीस जण डावा पाय ओढायचे."